पाहणारा डोळा

कोल्हापुरात दोन ठिकाणची माती माणसं मुठीत धरून तपासतात. एक तालमीतली, दुसरी फाउंड्रीतली. तालमीच्या हौद्यात तांबडी माती असते आणि तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर मुरवलेला असतो. पहाटे वस्ताद हौद्यात उतरले की आधी मूठभर माती उचलतात, दाबतात आणि सोडून देतात. कोरडी असेल तर ती अंग सोलून काढते, ओली असेल तर पाय धरून ठेवते. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत साच्याची वाळू असते. तिच्यात बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी कालवलेलं असतं. मोल्डर ती मुठीत आवळतो, मूठ उघडतो आणि तळहातावरचा गोळा मधोमध मोडतो. बोटांचे ठसे उमटलेले दिसले, कड स्वच्छ तुटली, तर वाळू जमली. पाणी जास्त झालं तर धातूचा तापलेला रस ओतताच वाफ कोंडते आणि कास्टिंगच्या पोटात पोकळ्या राहतात. कमी झालं तर साच्याची भिंत ढासळते. मोठ्या कारखान्यांत आता ओलावा मोजायला यंत्रं आली आहेत. तरी जुना मोल्डर यंत्रावरचा आकडा बघण्याआधी एकदा मूठ आवळून घेतोच.

माझे वडील मोल्डर होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. त्यांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, तालमीतले. घर एकच, पण पहाटे चारला एक जण लंगोट घेऊन बाहेर पडायचा आणि सातला दुसरा डबा घेऊन. आम्ही मुलं त्या दोघांनंतर, दप्तर घेऊन. कौशल्य कसं घडतं याबद्दल मला जे काही कळलं आहे ते या तीन वाटांवरून कळलं आहे. आणि कौशल्याची किंमत कशी ठरते हेही त्या घरातच दिसलं, कारण एकाच उंबऱ्यातून बाहेर पडणाऱ्या दोन भावांच्या हातांना गावानं कधीच सारखं मानलं नाही.

तालमीत नवा पोरगा आला की त्याला कुणी डाव शिकवत नाही. आधी फावडं हातात देतात. हौदा खणायचा, माती उलटीपालटी करायची, ढेकळं फोडायची. खणता खणता खांदे आणि पाठ तयार होते. मग जोर, बैठका. डावाचं नाव निघेपर्यंत कित्येक महिने जातात. त्यानंतर जोड लागते आणि वस्ताद कट्ट्यावर बसतात. वस्तादांचं शिकवणं म्हणजे बहुतेक वेळ बघणं. मधूनच एखादा शब्द येतो, ‘मान काढ’, ‘पाय दे’, ‘आरं, त्याचा पुढचा पाय बघ की’. एवढंच. पण तो शब्द नेमक्या क्षणी येतो. पोराचं अंग अजून चुकीच्या जागी असतं, चूक अंगाला जाणवत असते, आणि त्याच वेळी दुरुस्ती कानावर पडते. ढाक हा डाव घ्या. प्रतिस्पर्ध्याची मान आणि हात बांधून, स्वतः गिरकी घेत त्याला खाली आणायचं. हे वाक्य वाचून कुणाला ढाक येणार नाही, आणि शंभर वेळा वाचूनही येणार नाही. गिरकी कधी घ्यायची हा सगळा प्रश्न आहे. समोरच्याचं वजन पुढच्या पायावर येतं तो क्षण डोळ्याला दिसेपर्यंत निघून गेलेला असतो. तो अंगालाच कळावा लागतो. आणि अंगाला कळलंय की नाही, हे कट्ट्यावर बसलेल्या माणसाला कळतं.

खाशाबा जाधवांची ढाक प्रसिद्ध होती. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत असताना १९४८च्या लंडन ऑलिंपिकला गेला. मातीत वाढलेला माणूस तिथं गादीवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे शाळेच्या पुस्तकात आहे, मुलं पाठ करतात. मला त्या गोष्टीतला दुसरा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हा पुस्तकांच्या जगातला माणूस. परीक्षा, पदव्या, निकाल यांच्या राज्यात त्याचं आयुष्य गेलेलं. पण आपल्या विद्यार्थ्याच्या अंगात जे आहे ते कुठल्याही उत्तरपत्रिकेत मावणारं नाही आणि तरीही ते ज्ञानच आहे, हे त्याला दिसलं. नुसतं दिसलं नाही, त्यावर त्यानं छप्पर पणाला लावलं. शिक्षणसंस्थेच्या प्रमुखानं कौशल्याला दिलेला याहून मोठा मान मला माहीत नाही.

आप्पांचं शिक्षण साच्याच्या पेटीपाशी झालं. आधी हेल्पर म्हणून वाळू चाळायची, पाट्या वाहायच्या, जुने साचे फोडायचे. फोडलेल्या साच्यातून चुका दिसतात, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मग पेटीत वाळू भरून ठोकणीनं ठोकायची. ही ठोकणीच मुळी कठीण. जास्त ठोकलं तर वाळूतून वायू बाहेर पडायला जागा राहत नाही, कमी ठोकलं तर रसाच्या दाबानं साचा फुगतो आणि कास्टिंग जाड येतं. त्यांचे मिस्त्री ठोकलेल्या साच्यावर अंगठा दाबून बघायचे आणि मनासारखा नसला तर काही न बोलता पायानं मोडून टाकायचे. पुन्हा भरायचा. शेवटी वाळूत दाबलेला पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना, वर उचलायचा. सगळ्यात अवघड काम हेच, कारण त्या एका क्षणात सगळी मेहनत ढासळू शकते. आप्पा तो असा उचलायचे की वाळूचा एक कणही जागचा हलत नसे. मी एकदा विचारलं, हे कसं करता? ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘हाताला कळतंय, तोंडाला सांगाय येत न्हाई.’

या पद्धतीत सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. मिस्त्री पॅटर्न काढताना मुद्दाम पाठ फिरवून बसायचे, हेल्परला दिसू नये म्हणून. आपल्या हातातली कला दुसऱ्याच्या हातात गेली की आपली भाकरी जाईल ही भीती खरी होती, पण तिच्यापायी किती तरी पोरं आयुष्यभर हेल्परच राहिली. तालमीतही मार असायचा, आणि कित्येक पिढ्या तिथल्या दारातून मुलीचं पाऊल आत पडू शकलं नाही. त्या जगाची मला ओढ आहे, पण ते जसंच्या तसं परत यावं अशी माझी इच्छा नाही. त्यातली एकच गोष्ट मला हवी आहे. करणाऱ्याच्या शेजारी जाणता डोळा बसलेला असणं.

मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तम वादकांनी विशीपर्यंत सरासरी दहा हजार तासांच्या आसपास एकट्यानं सराव केलेला होता. पुढे हा दहा हजारांचा आकडा जगभर गाजला, आणि इतके तास घासलं की कुणीही निष्णात होतो असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला. एरिक्सन यांना हा अर्थ मान्य नव्हता. नुसत्या तासांना त्यांनी महत्त्व दिलं नव्हतं. आपल्याला जे जमत नाही नेमकं तेच, शिक्षकानं आखून दिल्याप्रमाणे, चुका सुधारत करणं, याला त्यांनी सराव म्हटलं होतं. आमच्या तालमीच्या कट्ट्यावर हे कुणाला सांगावं लागलं नसतं. वर्षानुवर्षं चुकीची बैठक मारणारा पोरगा चुकीच्या बैठकीतच तरबेज होतो, हे वस्तादांना पक्कं माहीत असतं.

आता शाळेकडे येतो. आमच्या शाळेच्या वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ नावाचा तास होता. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगानं शिफारस केलेला हा विषय. प्रत्येक मुलानं हातानं काही उत्पादक काम करावं आणि त्यातून शिकावं, अशी त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात आम्ही वर्षातून एकदा क्रेप कागदाची फुलं केली. बाकी तास परीक्षा जवळ आली की गणिताला जायचा. शारीरिक शिक्षणाचा तास आणि चित्रकलेचा तासही गणितालाच जायचा. गणितावर माझा राग नाही. राग आहे तो असा, की इतके तास गणिताला देऊनही आम्हाला गणित करायला कुणी शिकवलं नाही. फळ्यावर सर सोडवायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. सहामाहीचा पेपर दिवाळीनंतर हातात यायचा आणि त्यावर लाल शाईची फुली असायची. चूक करून इतके दिवस उलटलेले असायचे की ती चूक करताना आपण काय विचार केला होता, हे कुणालाही आठवत नसे. तालमीत चूक आणि दुरुस्ती यांच्यात एका श्वासाचं अंतर असतं. शाळेत ते एका परीक्षेचं असतं. साठ पोरांच्या वर्गात एक शिक्षक एवढंच करू शकतो, हे मला आज समजतं, आणि म्हणून मी शिक्षकाला दोष देत नाही. पण मग शिकणं म्हणजे काय याची आपण केलेली व्यवस्थाच अशी आहे, की तिच्यात कौशल्य घडायला जागा नाही. भाषेचंही तेच. निबंध लिहिणं हे पॅटर्न उचलण्याइतकंच हाताचं काम आहे, आणि तेही आम्ही गाइडमधून पाठ करायचो.

शाळा कौशल्याची दखल घेते ती गुणांच्या रूपात. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या मुलाला दहावीला वाढीव गुण मिळतात, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचेही मिळतात. ही सवलत देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. पण तिच्यामुळे काय होतं ते मी पाहिलं आहे. खो-खोत विजेसारखी पळणारी मुलगी दहावीच्या निकालात आपल्या खेळाचे गुण जमा करून घेते, त्यातून टक्का वाढतो, त्या टक्क्यावर चांगल्या कॉलेजात विज्ञानाला प्रवेश मिळतो, आणि खेळ तिथं संपतो. कौशल्याची किंमत म्हणून तिला कौशल्य सोडण्याचा परवाना मिळतो. अकरावी-बारावीला ‘किमान कौशल्य’ अभ्यासक्रम आला, आयटीआय तर १९५० पासून आहेत. तिथं पहिल्या दिवसांत मुलाच्या हातात कानस देतात आणि लोखंडाचा तुकडा घासून चौरस करायला सांगतात. गुण्या लावून उजेडाकडे धरला की जराही फट दिसता कामा नये. किती सुंदर परीक्षा आहे ही. उजेड लबाडी करत नाही आणि मुलालाही आपली चूक आपल्याच डोळ्यांनी दिसते. पण या वर्गात मुलगा कधी पोचतो? दहावीत ‘कमी पडला’ तर. आपण सर्वांत प्रामाणिक शिक्षण नापासांसाठी राखून ठेवलं आहे.

वेगळं करणारी माणसं महाराष्ट्रात झाली, हेही खरं. डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि तिथं त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. त्यातून निघालेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ या अभ्यासक्रमात साध्या गावातल्या साध्या शाळेतली मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, अन्नप्रक्रिया असं खरं काम करतात. डॉ. कलबाग गेले, पण काम चालू आहे. सेवाग्रामला गांधीजींच्या नयी तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली आहे. या शाळा बघायला लोक दुरून येतात, भारावतात आणि घरी जाऊन आपल्या मुलांना शिकवणी लावतात.

असं का होतं, याचं उत्तर जातीशिवाय देता येत नाही. आपल्याकडे हाताचं काम म्हणजे कुणाचं तरी ठरवून दिलेलं काम. ओतारी, सुतार, लोहार, चांभार, ढोर, कुंभार. ज्ञान हातात होतं त्यांच्या वाट्याला मान आला नाही, आणि मान होता त्यांच्या हातांना घट्टे पडले नाहीत. म्हणून या जातींतल्या आईबापांनी पोरांना हत्यारापासून तोडून पुस्तकाकडे ढकललं, तेव्हा ते अगदी बरोबर वागले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते याच पोरांसाठी. त्यांना पुन्हा ‘तुम्ही हाताचं शिका’ म्हणणं हा अन्याय ठरेल. तसा तो एकदा झालाही आहे. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी योजना आणली, की प्राथमिक शाळेतल्या मुलांनी अर्धा दिवस शाळेत आणि उरलेला वेळ घरी आईबापांचा धंदा शिकावा. न्हाव्याचं पोर न्हावी होणार, धोब्याचं धोबी. लोकांनी तिला कुलशिक्षण म्हणून झिडकारलं आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. हा इतिहास विसरून जो कुणी शाळेत हस्तकौशल्य आणा म्हणेल, त्याच्यावर माझा विश्वास नाही. ऐरण वर्गात यायची असेल तर ती आधी वकिलाच्या आणि प्राध्यापकाच्या मुलासमोर मांडली पाहिजे. चांभाराच्या मुलीपुढे मांडायची ती बाकी सगळ्यांबरोबर, बाकी सगळ्यांइतकीच.

हाताच्या शिक्षणाला मान मिळाल्याचंही एक उदाहरण कोल्हापूरनं दिलेलं आहे. बाबूराव मेस्त्री कारागिराच्या घरातले. चित्रं काढायची, मूर्ती घडवायच्या, नाटकाचे पडदे रंगवायचे, यंत्रं खोलून जोडायची, सगळं घरातून आणि हातातून आलेलं. सिनेमा काढायचा ध्यास लागला तेव्हा त्यांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेराच बनवला आणि त्यावर चित्रीकरण केलं. लोक त्यांना बाबूराव पेंटर म्हणू लागले. त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी हा एक मोठा कारखाना होता आणि तीच शाळा होती. व्ही. शांताराम तिथं पडेल ते काम करत शिकले. दामले, फत्तेलाल, शांताराम तिथूनच बाहेर पडले आणि १९२९ मध्ये त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. या मंडळींनी सिनेमाची पदवी घेतली नव्हती. पण त्यांचं शिक्षण झालं नव्हतं असं कोण म्हणेल? एका जाणत्या माणसानं त्यांना सतत, जवळून, काम करताना पाहिलं होतं.

किमतीचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो, आणि तिथंही डोळाच आड येतो. फक्त हा डोळा वस्तादाचा नाही, बघ्यांचा आहे.

तात्यांचे कान मोडलेले होते. वर्षानुवर्षं मातीत घासून पैलवानाचे कान सुजून गोळा होतात ते कायमचे. गावात कुठंही गेले तरी त्या कानांकडे बघून लोक जागा करून द्यायचे, म्हातारी माणसं ‘पैलवान, बसा’ म्हणायची. आप्पांच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, उडालेल्या रसाचे डाग होते. लग्नकार्याला जाताना ते कडक उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा सदरा घालायचे. दोघांनीही आपलं शरीर कलेला दिलं होतं. एकाच्या खुणा मिरवायच्या होत्या, दुसऱ्याच्या झाकायच्या. याचं एकच कारण मला सापडलं आहे. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात हजारो माणसं सगळ्या बाजूंनी बसून तात्यांसारख्यांची कुस्ती बघतात. साच्यातून पॅटर्न उचलला जातो तेव्हा तिथं दुसरं कुणी नसतं. आणि म्हातारपणी वाळूच्या धुळीनं छाती भरते तेव्हाही कुणी नसतं.

बघे असले तरी ती किंमत टिकतेच असं नाही. हेलसिंकीहून परतलेल्या खाशाबांची बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले, निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी झगडले आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला, तोही शतक संपताना. आज दिवस बदलले आहेत आणि त्याचा मला आनंद आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडले आणि २०१५ मध्ये रेल्वेत तिकीट तपासनीस झाले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुण मिळवून त्यांनी कांस्यपदक जिंकलं. लगेच राज्य शासनानं बक्षीस जाहीर केलं, रेल्वेनं बढती देऊन अधिकारी केलं. हे सगळं त्यांचं हक्काचं होतं. पण ३१ जुलैला त्यांचा हात तोच होता. गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून, श्वास रोखून नेम धरणारा तोच हात त्याआधी कित्येक वर्षं होता. त्या वर्षांत तो कुणी ओळखला? क्रीडा प्रबोधिनीतल्या शिक्षकांनी आणि दीपाली देशपांडे यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी. बाकीच्या आपण सगळ्यांनी पदक ओळखलं.

कोल्हापुरी चपलेचंही असंच झालं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, चामड्याच्या वादीची शिवण, एकही खिळा नाही. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी आपण कारागिराशी घासाघीस करायचं सोडलं नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा कंपनीचे मॉडेल तशाच चपला घालून चालले, किंमत लाखाच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या, आणि सगळा महाराष्ट्र खवळून उठला. कंपनीला या चपलांमागची भारतीय कारागिरी मान्य करावी लागली. राग योग्यच होता. पण ती चप्पल शिवणारा माणूस पायाजवळ बसून माप घेत असताना आपण त्याच्याकडे किती वेळा नीट पाहिलं, हे प्रत्येकानं आपल्याशी ठरवावं.

आणि ज्यांना कुणीच बघत नाही, त्यांच्या कौशल्याला कायदा कौशल्यच मानत नाही. आईचं माहेर राधानगरीकडचं, भाताचं. आषाढात रोपलागण सुरू झाली की ती माहेरी जायची आणि रांगेत वाकायची. तरवा अलगद उपटायचा, मुळं तुटू द्यायची नाहीत. चिखलात बोटांच्या टोकांनी रोप वर वर रोवायचं, खोल गेलं तर फुटवे कमी येतात. डाव्या हातात जुडी, उजव्या हातानं दोन-तीन काड्या सोडवायच्या, आणि हे सगळं मागं मागं सरकत, वर पाऊस कोसळत असताना, ओळ न मोडता. ऊसतोडणीचंही तेच. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्याकडे जास्त असते आणि वर खुंट राहिला तर खोडवा नीट फुटत नाही. बीडकडून आलेलं जोडपं पहाटेच्या अंधारात कोयत्याच्या एका घावात हे साधतं. नवख्यानं दिवसभर प्रयत्न केला तरी साधणार नाही. तरीही मजुरीच्या सरकारी भाषेत ही कामं ‘अकुशल’. रोजगार हमीचा महाराष्ट्राचा १९७७चा कायदा घ्या की केंद्राचा २००५चा, दोन्हींत हमी दिली ती अकुशल अंगमेहनतीच्या कामाची. त्या कायद्यांनी लाखो घरांत चूल पेटती ठेवली, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण बांध घालणारी, दगड रचणारी, रोप लावणारी बाई अकुशल आहे, हे कुणी तपासलं? तिच्या शेजारी कट्ट्यावर कुठला वस्ताद बसला होता? कामगाराची वर्गवारी कार्यालयात बसून होते, आणि त्या वर्गवारीवर तिची रोजची मजुरी ठरते. माझ्या मते ही वर्गवारी चूक आहे, आणि ती दुरुस्त करायची तर दर ठरवणाऱ्या समित्यांनी एकदा आषाढात चिखलात उतरलं पाहिजे.

तोपर्यंत जे आजच करता येण्यासारखं आहे ते मी कोल्हापूरच्या मुख्याध्यापकांना सांगतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्यासाठी सुचवलेले आहेत, आणि स्थानिक जाणकारांना शाळेत शिकवायला बोलावण्याची मुभाही दिलेली आहे. नव्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. शहरातल्या कितीतरी शाळांपासून उद्यमनगर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. येत्या जूनमध्ये वेळापत्रक लावाल तेव्हा कार्यानुभवाचा तास गणिताला देऊ नका. एखाद्या मिस्त्रीला बोलवा, शिवणकाम करणाऱ्या बाईंना बोलवा, रोपलागणीला मुलांना शेतावर न्या आणि तिथं लावणाऱ्या बाईला शिकवू द्या. त्यांना शिक्षकाइतकं मानधन द्या. मुलांमध्ये निवड करू नका, सगळ्यांना घ्या. आणि ती माणसं शिकवत असतील तेव्हा गणिताच्या सरांनीही मागच्या बाकावर बसून पाहावं.